खंडग्रास

"श्वास घ्या. धरून ठेवा."

जमीरने गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि छाती पत्र्याला टेकवून भालदारासारखा ताठ उभा राहिला. मी काचेमागून बटण दाबलं.

"सोडा."

"आणि तू 'सोडा' म्हणायला विसरली असतीस तर?" खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला. "मी आपला तसाच उभा. संध्याकाळी झाडूवाला येऊन बघतोय तर जमीर गार."

"शर्ट घाल."

"घालतो की, सिस्टर."

"सिस्टर नाही मी. टेक्निशियन आहे. शिकाऊ का असेना."

"दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातली बाई दिसली की सिस्टर म्हणून सलाम करायचा, अशी अब्बांची शिकवण आहे."

हे एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीतलं. आज माझी नात मला गोळ्यांची आठवण करून देते, चष्मा कुठं ठेवला तेही सांगते. पण मिरजेच्या त्या खोलीतला औषधाच्या पाण्याचा आंबूस वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मी तेव्हा नुकतीच एक्स-रे खात्यात लागले होते. वडील त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते, आम्ही आवारातल्याच चाळीत राहायचो आणि रविवारी चर्चमध्ये मी पेटी वाजवायचे. जमीर सतारमेकर गल्लीतल्या दस्तगीरचाचांचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारी आणि तंबोरे घडत होते.

फिल्म कशी धुतात ते बघायचंय म्हणून तो हटून बसला. अंधाऱ्या खोलीत बाहेरच्यांना सोडायचं नसे, म्हणून मी त्याला दारातच उभं केलं. आत तारेवर सकाळच्या फिल्म्स चिमट्यांनी लटकवून वाळत घातल्या होत्या. त्याने एकीकडे बोट केलं.

"हे काळं काळं काय? एवढा रोग?"

"रोग नव्हे, ती हवा. किरण हवेतून आरपार जातात, म्हणून तिथं फिल्म काळी पडते. हाडात अडतात, म्हणून हाड पांढरं."

"म्हणजे काळं ते चांगलं?"

"फुप्फुसात काळं तेच चांगलं."

"मग माझी बघच तू. तव्यासारखी निघणार."

तो हसत गेला. मी दार लावलं, लाल दिवा लावला आणि त्याची फिल्म औषधाच्या पाण्यात सोडली. हळूहळू फासळ्या उमटल्या, मग हृदय. हृदयाच्या उजव्या अंगाला, जिथं नुसतं काळं असायला हवं होतं, तिथं लिंबाएवढं पांढरं वर आलं. मी फिल्म पुन्हा धुतली. धुऊन जाणारं ते नव्हतंच.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दस्तगीरचाचांना एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा चाचा मला व्हरांड्यात दिसले. पॉलिशने पिवळी पडलेली बोटं ते एकमेकांवर घासत होते.

"मुंबईला न्या म्हणाले. नेलं तरी फार काही होईल असं नाही, हेही म्हणाले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, तू त्याच्या संगं वाजवतीस. रोज भेटतीस. तुझ्या तोंडावर काही दिसता कामा नये. त्याला मी पाणी झालंय म्हणून सांगतो. पोरगं हसत्याखेळत्यात आहे, तसंच राहू दे. जितके दिवस आहे तितके."

मी मान हलवली. त्या काळी असंच चालायचं. रोग घरच्यांनी वाटून घ्यायचा आणि ज्याला झाला त्याला सांगायचा नाही.

आता त्या वाजवण्याचं सांगायला हवं.

आदल्या वर्षीच्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा निकामी होऊन खाली येत होती आणि कुठं कोसळेल ते कुणाला सांगता येत नव्हतं. मिरजेत मात्र ती जंक्शनवरच पडणार, हे पानपट्टीवर ठरून गेलं होतं. लोकांनी गोडधोड करून खाल्लं, वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ बोलायला लागले. नेमकं त्या दिवशी दुपारी माझा मोठा भाऊ शमुवेल आणि मी चर्चची गिटार दुरुस्तीला घेऊन चाचांच्या कारखान्यात गेलो होतो. चाचा नव्हते. जमीर आम्हाला माळ्यावर घेऊन गेला.

तो माळा मी कधी विसरणार नाही. सतारीच्या तुंब्यासाठी आणलेले भोपळे तिथं आढ्याला टांगून वाळवत ठेवलेले असायचे. लहानमोठे, पिवळे, तपकिरी, काही नुसते पोकळ वाजणारे. कौलातल्या काचेतून ऊन यायचं आणि ते सगळे अंधारात तरंगत असल्यासारखे वाटायचे. जमीरने प्रत्येकाला नाव दिलं होतं. तंबोऱ्यासाठी राखलेला सगळ्यात मोठा तो गुरू. कोपऱ्यातला तांबूस मंगळ. एकाच्या पोटाला त्याने बुरडाकडून आणलेलं बांबूचं कडं बसवलं होतं, तो शनी. यावरून चाचा त्याला रोज शिव्या घालत. "शनीच्या भोपळ्याचा तंबोरा कोण गवई घेईल रे? काढ ते कडं!"

भोपळ्यांच्या खाली, पोत्यात गुंडाळून, त्याने स्वतः केलेली इलेक्ट्रिक गिटार होती. सतारीतून उरलेलं तुणीचं लाकूड, जळक्या टेबलफॅनची तार, आवाजाला जुना रेडिओ. विलास तिथंच बसला होता. तो लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा आणि ड्रमची फाटलेली कातडी बदलून घ्यायला आला होता.

"आज पडणार म्हणं," विलास म्हणाला. "आमच्या मालकानं सुपारी परत केली. नवरदेवच भ्याला."

"मरायचंच आहे तर वाजवत मरू की," जमीर म्हणाला. "शमू, तुझ्या गिटारीची मान मी दोरीनं आवळतो. करुणा, खाली पेटी आहे. विलास, तू काय वाजवणार?"

"शनी वाजवू का?"

"शनीला हात लावलास तर अब्बा स्कायलॅबच्या आधी पडतील तुझ्यावर."

आम्ही तिन्हीसांजेपर्यंत वाजवलं. कुणालाच काही येत नव्हतं आणि ते कुणाला जाणवतही नव्हतं. स्कायलॅब लांब कुठंतरी समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पडली. आम्ही मात्र रोज संध्याकाळी माळ्यावर जमायला लागलो. गाणी जमीर करायचा. सगळी आकाशातली. एका गाण्यात उडती तबकडी मिरजेवरून चाललेली असते आणि आम्ही तिला हाका मारतो:

तबकडीवाल्या, थांब जरा, थांब जरा,
मिरज जंक्शन, पाणी भर, मग जा घरा!

पुढं रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल मिळाला. ईस्टरनंतरच्या शनिवारी कार्यक्रम ठरला. कापडी बोर्ड रंगवणारा पेंटर नाव मागत होता आणि नाव काही ठरत नव्हतं. शमू म्हणाला, अपोलो. विलास म्हणाला, त्या नावाचं स्टेशनरोडला शिंप्याचं दुकान आहे, लोक चोळ्या शिवायला येतील. विलास म्हणाला, स्कायलॅब. जमीर म्हणाला, पडलेल्याचं नाव नको. मी धूमकेतू सुचवलं तर तिघंही एकदम म्हणाले, अपशकुनी! शनी अपशकुनी नव्हता, धूमकेतू तेवढा होता.

हे सगळं चाललेलं असतानाच ती फिल्म माझ्या हातात आली होती. त्यानंतरच्या संध्याकाळी मी पेटीवर मान खाली घालून बसायचे. जमीर दोन कडव्यांनंतर दम घ्यायला थांबायचा. "पाणी झालंय म्हणे छातीत," तो सांगायचा. "पाण्यावर आवाज लांब जातो, बरं का. नदीवर ऐकलंय ना?" विलास हसायचा. मला हसता यायचं नाही, म्हणून मी सूर शोधत असल्याचं सोंग करायचे.

फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्यग्रहण होतं. कारवारच्या बाजूला खग्रास, सगळा सूर्य झाकणार, भरदुपारी तारे दिसणार, असं पेपरात येत होतं. जमीरने चौघांचं कारवारला जायचं ठरवलं. एस. टी.ची चौकशीही करून आला.

"नाही," चाचा म्हणाले.

"अब्बा, जन्मात एकदा दिसतं हे."

"घाटातली हवा तुला सोसायची नाही. घरात बस."

"सोसेल. पाणीच आहे ना नुसतं?"

चाचांनी रंधा हातात घेतला आणि कामच नसलेल्या फळीवर मारायला लागले. "नाही म्हटलं ना."

जमीर माळ्यावर येऊन धपकन बसला. "कारवारला खग्रास आणि आपल्याकडं खंडग्रास. मिरजेच्या नशिबी सगळं अर्धवट बघा."

"गच्चीवरून बघू," मी म्हणाले. "मी फिल्म आणते."

दवाखान्यात उजेड लागून पूर्ण काळ्या पडलेल्या फिल्म्स असायच्या. त्यातून सूर्य बघतात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या शनिवारी मी चार घेऊन गेले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, पाण्याच्या घागरींवर दर्भ, गरोदर बायकांना सकाळपासून आतल्या खोलीत बसवलेलं. मशिदीत ग्रहणाचा नमाज होता, चाचा तिकडं निघायच्या तयारीत होते. आम्ही गच्चीवर चढलो. सूर्याचा एक कोपरा खाल्ला गेला होता.

विलासने फिल्म डोळ्यासमोर धरली, "आई गं!" म्हणून ओरडला आणि त्याच्या हातून ती सुटली. वाऱ्याबरोबर गल्लीत जाऊन थेट गटारात.

"गाढवा," जमीर म्हणाला. "घे माझी. मी खाली बघून येतो काही मिळतंय का."

तो जिना उतरला आणि थोड्या वेळाने धापा टाकत वर आला. हातात खाकी लिफाफा होता. त्यावर माझंच अक्षर होतं.

"अब्बा म्हणाले, ही घे, घरात पडलीच आहे खुंटीला. माझीच छाती!" त्याने फिल्म बाहेर काढली. "चला, छातीतून सूर्य बघू."

"माझी घे," मी म्हणाले. "ही काळी आहे, चांगली दिसते. दे ती इकडं."

"तू बघ की तुझ्यातून."

त्याने ती वर धरली. मी जागेवरून हलले नाही. पलीकडच्या कठड्याशी शमू आणि विलास ओरडत होते, "राहिली, एवढीशीच राहिली!" उजेड जुन्या काचेतून आल्यासारखा मळकट झाला होता. कावळे झाडांवर येऊन बसले.

जमीर फिल्म हळूहळू सरकवत होता. फासळ्यांमधून सूर्य खाली खाली आणत होता. मग त्याने डोळा एकदम मिटून घेतला. फिल्मच्या पांढऱ्या जागेतून ऊन आरपार येऊन त्याच्या गालावर उजेडाचा पांढरा ठिपका पडला होता. लिंबाएवढा.

त्याने फिल्म तशीच वर धरून ठेवली. मग म्हणाला, "सिस्टर, इकडं ये."

मी गेले.

"इथून बघ. कोर कशी थंडगार दिसते. दिसली? आता इथं." त्याने फिल्म बोटभर सरकवली. माझे डोळे दिपले. "तू सांगितलं होतंस. हवा असते तिथं काळं."

"हो."

"मग इथं हवा नाही."

"फिल्म खराब असेल. धुताना कधीकधी डाग पडतात."

"कुणी धुतली?"

"मी."

"मग पडणार नाहीत," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याला हवं ते उत्तर मिळालं असावं. त्याने फिल्म उतरवली आणि कठड्याला पाठ लावून खाली बसला.

"अब्बांना माहीत आहे. म्हणून कारवार नाही. म्हणून रोज पायाचं सूप. तरीच म्हटलं, शनीचं कडं काढ म्हणून ओरडायचे ते गेल्या महिन्यापासून बंद कसे झाले."

खाली मशिदीत माणसं उभी होती. त्यांत चाचाही होते.

"त्यांना सांगू नको," तो म्हणाला. "मला कळलंय, हे त्यांना कधीच सांगू नको. माझ्यापासून लपवता आलं एवढंच त्यांच्या हातात राहिलंय. तेवढं राहू दे त्यांचं. शपथ घे."

"आमच्यात शपथ घेत नाहीत."

"मग नुसतं हो म्हण."

"हो."

"सुटला! सुटायला लागला!" शमू ओरडला. उजेड परत यायला लागला होता, दूध ओतल्यासारखा. जमीरने फिल्म लिफाफ्यात घातली, लिफाफा मला दिला, खोकला आणि उठला.

"विलास, पेंटरकडं जा. नाव सापडलं. खंडग्रास."

"अर्धवट?" विलासने तोंड वाकडं केलं. "लोक हसतील. खग्रास ठेव की. दणक्यात वाटतंय."

"खग्रास नको. खंडग्रास."

"पण का?"

"थोडं गिळलंय," जमीर म्हणाला, "बाकीचं अजून उजेडात आहे. वाजवायला तेवढं पुरतं."

शमूला ते एवढं आवडलं की त्याने जमीरला मिठी मारली. मी जिन्यावर जाऊन उभी राहिले. लिफाफा खाली चाचांच्या खुंटीला परत अडकवायचा होता.

कार्यक्रम झाला. निळ्या कापडावर पांढरी अक्षरं होती, 'खंडग्रास', आणि पेंटरने स्वतःच्या मनाने शेजारी एक रॉकेटही काढलं होतं. आढ्याला आम्ही माळ्यावरचे भोपळे टांगले. शनी बरोबर मधोमध, कड्यासकट. तो चाचांनी स्वतः टांगला. पहिल्या रांगेत ते शाल पांघरून बसले होते. गिटारीचा पहिला सूर कडाडला तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले आणि मग हळूच काढले. नंतर मला म्हणाले, "लाकूड माझंच आहे. पण हे त्यात होतं, हे मला माहीत नव्हतं."

जमीर स्टुलावर बसून वाजवत होता. रेल्वेची पोरं शिट्ट्या मारत होती, 'तबकडीवाल्या' तीनदा घ्यायला लावलं. तिसऱ्या वेळी शेवटच्या ओळीला त्याचा श्वास पुरला नाही. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती ओळ मी म्हटली. लोकांना वाटलं तसंच बसवलं आहे, आणि पुढं आम्ही ते नेहमी तसंच ठेवलं.

मे महिन्यात तो गेला.

बँड पुढं बरीच वर्षं चालला. गिटार वाजवायला दुसरी पोरं आली, सांगली-कोल्हापूरपर्यंत बोलावणी यायची. लोक नावाबद्दल विचारायचे. शमू ती ग्रहणाची गोष्ट रंगवून सांगायचा, विलासने फिल्म गटारात टाकली तिथं हशा व्हायचा. मी पेटीशी बसून ऐकायचे. गच्चीवरचं बाकीचं मी ना शमूला सांगितलं, ना पुढं माझ्या नवऱ्याला.

जमीर गेला त्यानंतरच्या थंडीत एकदा दस्तगीरचाचा एक्स-रे खात्यात आले. खोली रिकामी होती. त्यांनी शालीतून खाकी लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. कडेने तो मऊ पडला होता, पुष्कळदा उघडल्यासारखा.

"बेटी, एक विचारायचंय. तुला वाचता येतं हे."

"काय, चाचा?"

"ग्रहणाच्या दिवशी मीच दिली त्याला ही. निघायच्या गडबडीत होतो. वाटलं, मला यातलं काही कळत नाही, तर पोराला काय कळणार." ते थांबले. "आता झोप लागत नाही. त्यानं सूर्याला धरून बघितलं ना? तू होतीस तिथं. त्यातून त्याला काही दिसलं असेल?"

"सूर्य दिसला, चाचा. बारीक कोर."

"ते खरं. पण रोग? रोग यात कुठं आहे ते दाखव मला. मग मला समजेल त्याला दिसला असेल का नाही."

भिंतीवर फिल्म बघायचा दिव्याचा डबा होता. तो मी लावला नाही. फिल्म खिडकीशी नेली आणि बाहेरच्या उजेडावर धरली. फासळ्या, हृदय, शेजारचं ते लिंबाएवढं पांढरंशुभ्र. शाळेतल्या पोरानेही बोट ठेवलं असतं.

चाचा जवळ येऊन बघत होते. त्यांचा श्वास माझ्या हाताला लागत होता.

मी बोट उचललं आणि दुसऱ्या बाजूला ठेवलं. जिथं फुप्फुस धडधाकट होतं, रात्रीसारखं काळं.

"हे, चाचा. हे काळं."

"हे सगळं?"

"हो."

ते बराच वेळ बघत राहिले. खांदे हळूहळू खाली आले.

"मग हे त्याला कसलं कळतंय," ते म्हणाले. "एवढ्या काळ्यात कुणाला काय दिसणार?"

"नाही दिसत."

"म्हणजे हसतखेळतच गेला."

"हो, चाचा."

त्यांनी फिल्म माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच उजेडावर धरली. मग पॉलिशने पिवळं झालेलं बोट त्या पांढऱ्या लिंबावर ठेवलं आणि सतारीच्या तुंब्यावरून फिरवतात तसं हलकेच गोल फिरवलं.

"एवढं तरी चांगलं होतं," ते म्हणाले, "माझ्या पोराचं."